आगमनकाळातील हस्तकला विक्री: मंडळीने निधी कसा उभारावा

बेळगाव, खानापूर किंवा निपाणी भागातील मंडळीला, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायाला, छपराच्या दुरुस्तीसाठी अथवा मुलांच्या शिक्षण निधीसाठी नाताळापूर्वी हस्तकला विक्री भरवायची असेल, तर पहिला निर्णय तारखेचा असतो आणि तो सप्टेंबरातच घ्यावा. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाच्या तयारीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. विक्रीला तोच सर्वांत सोयीचा, कारण चांदण्या, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचे कागदी कंदील, डिसेंबर लागताच घरांवर चढतात आणि एकदा शेजाऱ्याची चांदणी लागली की आपल्या चांदणीला गिऱ्हाईक शोधावे लागते. पुढचा रविवार धरल्यास बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातील विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या तारखा आधी पाहाव्यात. त्या दिवसांत बंदोबस्त आणि वळवलेली वाहतूक यांमुळे तालुक्याहून येणारी माणसे घरीच थांबणे पसंत करतात.

दुसरा निर्णय मालाचा, आणि नफा खरा इथेच ठरतो. ज्याला जे येते ते त्याने करून आणावे, असे सांगितले की टेबलावर शंभर तऱ्हेच्या वस्तू जमतात आणि त्यातल्या निम्म्या संध्याकाळी परत जातात. हौसेने विणलेला टेबलक्लॉथ परत नेताना आजीबाईंचा चेहरा उतरतो हे खरे, परंतु त्यांच्याच हातून दोऱ्याच्या लहान चांदण्या करून घेतल्या तर त्या झाडाला टांगण्यासाठी हातोहात जातात. म्हणून पाच-सहाच वस्तू निवडाव्यात आणि त्या गटाने, पुरेशा संख्येने कराव्यात. वडगाव, खासबाग, शहापूर येथील मागवाल्यांकडे उरलेले कापडाचे तुकडे मिळाल्यास त्यांच्या पिशव्या आणि लहान मुलांच्या वाकळी होतात. येशूजन्माच्या देखाव्यातील गोठ्याच्या मूर्ती खानापूरच्या कुंभारांकडून भाजून घ्याव्यात आणि रंगकाम तरुण संघाने करावे. मात्र कुंभाराची मागणी पाऊस ओसरताच नोंदवावी, कारण ओल्या हवेत मूर्ती लवकर वाळत नाहीत.

सर्वाधिक उठाव कागदी चांदणीला असतो आणि तिचे साहित्य दिवाळी संपताच स्वस्त मिळते, कारण आकाशकंदिलासाठी आणलेल्या बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागद दुकानदाराला काढून टाकायचे असतात. दोन फुटी कामट्या घेतल्यास एका चांदणीला दहा लागतात: पाच-पाच कामट्यांचे दोन सपाट तारे बांधून ते टोकांशी एकत्र आवळावेत आणि आतील पाच छेदांच्या जागी, दोन ताऱ्यांच्या मध्ये, सुमारे चार इंचांच्या पाच आडव्या काड्या बसवाव्यात, म्हणजे चांदणीला पोट येते. या काड्या एकसारख्या मापाच्या नसतील तर चांदणी एका अंगाला झुकते आणि कागदाला सुरकुत्या पडतात, म्हणून काड्या कापण्याचे काम एकाच माणसाकडे ठेवावे. कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा आणि मागच्या बाजूला एक पाकळी मोकळी ठेवावी, कारण तिथूनच होल्डर आत जातो. दिवा पाच वॅटचा एलईडीच असावा. जुना पिवळा बल्ब तापून कागद जळण्याचा धोका असतो. प्रत्येक चांदणी विक्रीपूर्वी एकदा पेटवून पाहावी.

किमती ठरवताना दानात मिळालेले साहित्यही बाजारभावाने हिशेबात धरावे, नाहीतर पुढल्या वर्षी ते विकत घ्यावे लागले की सारे गणित कोसळते. समजा कामट्या, कागद, वायर आणि होल्डर मिळून चांदणीला ९० रुपये पडले, तर किंमत २०० ठेवणे योग्य. १२० ठेवल्यास चार फाटक्या चांदण्यांनी सगळी कमाई गिळली म्हणून समजा. किमतीच्या चिठ्ठ्या आदल्या रात्रीच लावाव्यात, कारण ओळखीच्या माणसाला तोंडी किंमत सांगताना आपल्याकडे जीभ नेहमी खाली घसरते. चिठ्ठ्या आणि फलक मराठी व कानडी दोन्हींत असावेत, आणि पैसा कशासाठी हवा आहे हे दाराशीच एका मोठ्या फलकावर लिहावे.

खाद्यपदार्थ वेगळ्या टेबलावर ठेवावेत. कुळकुळ आणि करंज्या पाव किलोच्या पिशव्यांत भरून, आतील घटक आणि केल्याची तारीख लिहून विकाव्यात. अन्नसुरक्षा कायद्यानुसार लागणारी नोंदणी महिला मंडळाच्या चिटणिसांनी आधीच तपासावी.

सोडतीची तिकिटे विकण्याचा मोह टाळावा. कर्नाटकात २००७ पासून लॉटरी बंद आहे आणि उपासनागृहाच्या अंगणात उगाच शंकेला जागा कशाला द्यावी? त्याऐवजी हंगामाच्या (पिकाबद्दलच्या उपकारस्तुतीच्या) सणाला करतो तसा लिलाव करावा: घरच्या भोपळ्याला किंवा केळीच्या घडाला उत्साहात जी बोली लागते, ती कोणत्याही हस्तकलेला लागत नाही. मात्र लिलाव शेवटी ठेवावा, नाहीतर पाकिटे आधीच रिकामी होतात. विकत घेतलेल्या वस्तूची पावती ही देणगीची पावती नव्हे, हेही खजिनदारांनी स्पष्ट सांगावे. प्राप्तिकरात सूट हवी असलेल्या देणगीदाराची रक्कम वेगळ्या पावतीपुस्तकात घ्यावी, आणि अशी देणगी २,००० रुपयांहून अधिक असल्यास ती रोख घेऊ नये, कारण तेवढ्या रोख रकमेला ती सवलत मिळत नाही. मंडळीच्या संस्थेला अशा सवलतीसाठी लागणारी मान्यता नसेल, तर सवलतीचा शब्दही काढू नये.

रोख आणि क्यूआर कोडवरचे पैसे दोन वेगळ्या वह्यांत लिहावेत. कोड मंडळीच्या बँक खात्याचाच असावा, कोणा पाळकांच्या किंवा खजिनदारांच्या स्वतःच्या खात्याचा नसावा. मोजणी त्याच संध्याकाळी, दोन वेगवेगळ्या कुटुंबांतील तिघांनी मिळून करावी आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम पुढच्या रविवारी उपासनेनंतर वाचून दाखवावी. उरलेल्या चांदण्या आणि पिशव्या कमी किमतीत काढण्यापेक्षा खेड्यांतील लहान मंडळ्यांना नाताळाआधी द्याव्यात. मूर्ती मात्र कागदात गुंडाळून, मोजून, यादीसह पुढील वर्षासाठी कपाटात ठेवाव्यात.