छोट्या धंद्यातले पैशाचे निर्णय: या चुका टाळा

ठाण्याजवळच्या मुंब्रा, कौसा किंवा ठाण्यातल्या राबोडीत बेकरी, शिलाईचं युनिट किंवा फर्निचरचं दुकान चालवणाऱ्या अनेक मुस्लिम उद्योजकांची गाडी बँकेच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. ‘आपल्याला कोण कर्ज देणार?’ ओळखीतल्या एकाचा अर्ज फेटाळला गेला की ती गोष्ट मोहल्लाभर फिरते आणि बाकीचे अर्जच करत नाहीत. भेदभावाचे अनुभव खरे असतात, ते कुणी नाकारू नये. पण दुसऱ्याच्या नकारावरून स्वतःचा निकाल लावू नका. मुद्रा योजनेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. व्याज नकोच अशी ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी भागीदार जरूर घ्यावा, मात्र नफा-तोट्याचा वाटा कागदावर हवा, भागीदार सख्खा भाऊ असला तरी.

दुसरी चूक आकड्याची, आणि ती सगळ्यात महाग पडते. ‘शेकडा एक’, म्हणजे महिन्याला शंभराला एक रुपया व्याज, ऐकलं की वर्षाला 12 टक्के एवढंच डोक्यात बसतं. 1 लाख घेतले, दोन वर्षांत फेडायचे, व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवर: हप्ता सुमारे 5,167 रुपये. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र होतं तेवढंच राहतं. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या वर. म्हणून पहिला प्रश्न एकच: व्याज घटत्या शिल्लकेवर आहे का?

घरखर्च गल्ल्यातून काढू नका. महिन्याची ठरावीक रक्कम स्वतःला पगार म्हणून घ्या.

आता उधारी. बुडालेल्या पैशाचं दुःख तेवढ्याच कमाईच्या आनंदापेक्षा मोठं असतं, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं. जुने 40 हजार सुटावेत म्हणून आपण त्याच गिऱ्हाइकाला आणखी माल देतो, ते याच दुःखापोटी. त्यात तो ‘आपला माणूस’ असला की मालाच्या चलनावर सहीसुद्धा मागत नाही. सही घ्याच. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे: लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येतं. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला हे संरक्षण नाही, म्हणून त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाची उधारीची मर्यादा वहीत आधीच लिहून ठेवावी आणि ती भरली की नवा माल रोखीनेच द्यावा.