आरएसीचा अर्धा बर्थ: अनोळखी माणसाबरोबर रात्र कशी काढायची

ठाण्याहून नेत्रावतीने केरळकडे निघालात आणि तिकीट शेवटपर्यंत आरएसीच (बसायला जागा, अख्खा बर्थ कुणाचं रद्द झालं तरच) राहिलं, तर साइड लोअरचा एक बर्थ दोघांत. समोर कोण येईल सांगता येत नाही. त्याच्याशी जमतं ते गप्पांमुळे नाही. जागेचं आधी ठरवून घेतलं की जमतं.

ठाण्यात गाडी जेमतेम थांबते, तेव्हा आधी नुसते आत शिरा. सामान पनवेलपर्यंत लावा. सीटखालची जागा साइड अपरवाल्यालाही लागते, म्हणजे तिथे तिघांचा हिशोब. मग एकच प्रश्न: "कुठे उतरणार?" आडनाव विचारून गाव काढायची आपली खोड इथे आवरा.

पनवेल सुटलं की कोण आलं नाही ते टीटीईला, म्हणजे तिकीट तपासनीसाला, कळू लागतं. दोघांनी मिळून विचारा. एकाला दुसरा बर्थ मिळाला की साइड लोअर अख्खा उरलेल्याचा. त्यामुळे भांडण्यासारखं काहीच नाही. परक्या पुरुषाशेजारी रात्र काढणं बाईला अवघड वाटत असेल, तर तेव्हाच अदलाबदल मागावी. दाद लागली नाही तर रेल्वेची हेल्पलाइन 139.

डब्यात दशम्या, सुकी चटणी. ओल्या खोबऱ्याची संध्याकाळपर्यंत आंबते. (मामलेदारची मिसळ ठाण्यातच खाऊन घ्या, रस्सा गाडीत नको.) आधी स्वतः खा, मग डबा पुढे करा. अनोळखी माणसाकडचं खाऊ नका असं रेल्वेच सांगते, तेव्हा कोणी नको म्हणालं तर रुसू नका. केळं, संत्रं चालतं. साल ज्याची त्याने काढायची.

खरी कसोटी रात्री 10 ते सकाळी 6. दोन्ही पाठी आडव्या पाडल्या की मधल्या सांध्यावर कंबर येते आणि रुतते. तिथे चादरीची चौपदरी घडी घाला. दोघे सडपातळ असाल तर डोकी दोन टोकांना, एकाचे पाय खिडकीच्या बाजूने, दुसऱ्याचे वाटेच्या. मोजे धुतलेले हवेत, नाहीतर दिवसभराची मैत्री तिथेच संपते. एक जण जरी आडदांड असला तरी हे जमत नाही, कारण कुशीवर वळलं की दुसरा वाटेत पडतो. मग पाळी लावा: 10 ते 2 आणि 2 ते 6. झोपणाऱ्याने गुडघे दुमडायचे, जागणाऱ्याने पायथ्याशी बसायचं.

पहाटे उतरणाऱ्याची बॅग रात्रीच वाटेच्या बाजूला, सगळ्यात पुढे ठेवा.