तळ्याचं पाणी हिरवं झालंय? पाहणी करताना या चुका टाळा

पाऊस ओसरून ऑक्टोबरचं ऊन तापू लागलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या हिरव्या तळ्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. तळमळ खरी असते, पण तारीख, वेळ, कुठला काठ, काहीच लिहिलेलं नसतं. असा फोटो पुढे कुणाच्याच कामाचा नाही.

दिसेल त्या हिरव्याला विषारी म्हणू नका. जलपर्णी वेगळी, साधं शेवाळ वेगळं. धोका असतो तो निळ्या-हिरव्या शेवाळाचा, म्हणजे सायनोबॅक्टेरियाचा. रबरी हातमोजे घालून काडी पाण्यात फिरवा. केसांसारखे लांब तंतू लटकले तर बहुधा साधं शेवाळ. काडीला ऑइलपेंटसारखा लेप बसला तर शंका घ्या. पाणी काचेच्या बरणीत भरून रात्रभर न हलवता ठेवा. हिरवा थर वर आला तर शंका वाढते, तळाशी बसला तर कमी होते. विष आहे की नाही, हे मात्र प्रयोगशाळाच सांगणार.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो जागेचा. रस्त्याजवळचा, उतरायला सोपा काठ गाठायचा, पाणी स्वच्छ दिसलं की ‘ठीक आहे’ लिहून मोकळं व्हायचं. पण निळ्या-हिरव्या शेवाळाच्या बऱ्याच प्रकारांच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या असतात. वारा पडला की या पेशी वर तरंगतात, मंद वारा सुटला की एका काठाला लोटल्या जातात. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा, म्हणजे थर पूर्वेच्या काठाला. हिवाळ्यात वारा फिरला की उलट. म्हणून दोन नोंदी ठेवा: एक दर वेळी त्याच ठिकाणची, दुसरी जिथे थर सगळ्यात दाट आहे तिथली. शक्यतो सकाळी, ठरलेल्या वेळी.

नमुन्याची बाटली दुचाकीच्या डिकीत तापू देऊ नका. अंधारात, बर्फाच्या डब्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या नमुन्याच्या बाटलीत लुगोल आयोडीन (पेशी टिकवणारं आयोडीनचं द्रावण) चालतं, विषाच्या तपासणीची बाटली मात्र वेगळी आणि आयोडीनविना हवी.

‘उकळून प्या’ हा सल्ला तर देऊच नका. उकळल्याने विष जात नाही. पेशी फुटून ते पाण्यात आणखी मिसळतं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी दीर्घकाळाची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे, म्हणजे प्रकरण किती बारीक आहे बघा. मोरचूद टाकण्याचा उत्साहही आवरा, त्यानेही पेशी फुटतातच. आणि थर नाहीसा झाला म्हणून लगेच जनावरं पाण्यावर सोडू नका. विष त्यानंतरही काही दिवस राहू शकतं.

नोंद मराठीत ठेवा, पण ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज कन्नडमध्ये लिहून घ्या. वादाचा विषय नाही, कागद लवकर हलतो. मासे उलटे तरंगताना दिसले किंवा पाणी प्यायलेलं जनावर आजारी पडलं, तर अर्जाची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.