चेकमधून प्रार्थना जमली? आता इंटरकॉमचं बघा

आपल्या चर्चच्या, म्हणजे 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'च्या, चेक-स्लोव्हाक मिशनचा कॉल (धर्मप्रचारासाठी तिथे जायचं बोलावणं) आलेली मुलं दोनच गोष्टी विचारतात: सात विभक्त्या पाठ कशा करायच्या, आणि तो चेकमधला 'र्झ'चा उच्चार तोंडात कधी बसतो. मराठी घरातून जाणार असाल तर विभक्त्यांची धास्ती सोडा. तीन लिंगं, प्रत्यय लागला की बदलणारं शब्दाचं रूप, तू आणि तुम्ही, ऱ्हस्व-दीर्घ, हे सगळं आपल्याकडे घरचंच आहे. अमेरिकेतल्या प्रोव्होच्या मिशनरी ट्रेनिंग सेंटरमध्ये माझ्या वर्गातली युटा-आयडाहोची मुलं 'टेबल पुल्लिंगी कसं काय?' म्हणून हताश व्हायची. मला त्यात विचारण्यासारखं काय आहे तेच कळायचं नाही. 'र्झ' तर चेक पोरांनाही उशिरा येतो, काहींना त्यासाठी वाचातज्ज्ञाकडे न्यावं लागतं. तुमचा चुकला तरी लोक समजून घेतात.

मी अडकलो ते वेगळ्याच जागी. तिथे बरेच नवे मिशनरी अडकतात, आणि त्यांना ते कळतही नाही, कारण नेमकं तेव्हाच सगळे त्यांचं कौतुक करत असतात.

होतं असं. ट्रेनिंगच्या सुरुवातीलाच प्रार्थना करायला शिकवतात. मग साक्ष, म्हणजे आपली श्रद्धा चारचौघांत सांगणं. मग १८२० साली चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ न्यूयॉर्क राज्यातल्या रानात प्रार्थना करायला गेला तो प्रसंग, मग मॉर्मनच्या पुस्तकाबद्दल, म्हणजे आपल्या धर्मग्रंथाबद्दल, थोडंसं. चर्चचं लांबलचक नावही एका दमात म्हणता येतं. (२०१८पासून 'मॉर्मन' हे टोपणनाव टाळा म्हणून सांगितलंय, तेव्हा पूर्ण नाव घ्यावंच लागतं. चेक माणूस ते शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "म्हणजे मॉर्मन ना?") तिथे पोचल्यावर पहिल्याच रविवारी साक्ष द्यायला उभं करतात. तुम्ही अडखळत का होईना, देता. शाखेतल्या, म्हणजे चर्चच्या तिथल्या मंडळीतल्या, आज्या डोळे पुसतात, किती छान चेक बोलतो म्हणतात. झालं, तुम्हाला वाटतं भाषा यायला लागली.

ती आलेली नसते. आलेलं असतं ते भाषण. थोडं सविस्तर सांगतो, कारण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

देवाला चेकमध्येही आपल्यासारखंच एकेरीत हाक मारतात. दिवसातून कितीतरी वेळा प्रार्थना करून एकेरी क्रियापदं तोंडात घट्ट बसतात. दारात साठीच्या बाई उभ्या राहिल्या की लागतात आदरार्थी रूपं, आणि नेमकी तीच कच्ची. ग्रंथांची भाषा प्रमाण. प्रागच्या ट्राममधली माणसं मात्र 'दोब्री'चं 'दोब्रेय' करतात, 'ओक्नो'चं 'वोक्नो' करतात, आणि तुमच्या व्याकरणाच्या तक्त्यात ती रूपंच नसतात. सगळ्यात वाईट म्हणजे तुमच्या वाक्यानंतर पुढचं वाक्य कुठलं हे तुम्हाला पाठ असतं, समोरच्याला नसतं. तो त्याला हवं ते बोलतो.

हे उघडं पडतं इंटरकॉमवर. पानेलाक म्हणजे कम्युनिस्ट काळातल्या उंच, एकसारख्या काँक्रीटच्या इमारती. खाली दाराशी बटणांची पाटी, बटणांपुढे आडनावं. तुम्ही बटण दाबता, खरखर होते, पलीकडून एक वाक्य येतं. चेहरा नाही, हातवारे नाहीत, ओठ दिसत नाहीत. तुम्ही तुमचं भाषण सुरू करता. पलीकडचा मध्येच काहीतरी विचारतो. मग तुमचा सीनियर जोडीदार (मिशनरी दोघं-दोघं फिरतात) पुढे वाकून उत्तर देतो आणि तुम्ही मान डोलावता. हा सापळा तिथे बंद होतो. दिवस बरा जातो, आठवड्याचा अहवाल चांगला दिसतो, सहा आठवड्यांनी बदल्या येतात आणि एक दिवस तुमच्या शेजारी तुमच्याहून नवा मुलगा उभा असतो. आता पुढे कोण वाकणार?

म्हणून पहिल्या आठवड्यापासून एक करा. प्रत्येक संभाषणानंतर, रस्त्यावर येताच, समोरचा काय म्हणाला ते जोडीदाराला तुम्ही सांगा. त्याने आधी सांगायचं नाही. तुम्ही काय बोललात ते सोडा, ते तुम्हाला पाठच होतं. दोन वाक्यांपलीकडे सांगता आलं नाही, तर तुम्ही त्या संभाषणात नव्हता. जोडीदाराला पहिल्याच दिवशी स्पष्ट विनंती करा की पाच सेकंद थांब, मला उत्तर देऊ दे. लगेच धावून येणारा सीनियर प्रेमळ वाटतो, पण तो तुमचं नुकसान करतो. मला विचाराल तर थोडा खडूस सीनियर मिळणं भाग्याचं. चेक जोडीदार मिळाला तर सोनंच, पण तशी आशा धरू नका. बहुतेकदा अमेरिकनच मिळतो आणि खोलीत इंग्रजी सुरू होते.

ॲपवरच्या शब्दपत्त्यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. शब्द वाढतात, कान तसाच राहतो. आणि 'देवाकडून भाषेचं वरदान मिळेल' असं म्हणत अभ्यासाचा तास ढकलणाऱ्यांना मी हात जोडतो. माझी श्रद्धा आहे त्या वरदानावर. पण ते तक्ते न वाचणाऱ्याला मिळालेलं मी पाहिलं नाही.

आपला एक फायदा आहे, तो वापरा. तुम्ही भारतीय दिसता, त्यामुळे तुमचं भाषण लोक पुरं होऊच देत नाहीत. भारतातून? मग योग येत असेल! सुरुवातीला मी वैतागायचो. नंतर कळलं की यापेक्षा चांगला वर्ग नाही, कारण यातलं काहीच पाठ नसतं. शिवाय या देशात योग आणि आपलं चर्च यांचा खरोखरच संबंध आहे. १९२९ साली कार्लश्तेयन किल्ल्याजवळच्या टेकडीवर चर्चचे नेते जॉन विड्ट्सो यांनी प्रार्थना करून इथलं मिशन सुरू केलं. १९५० साली कम्युनिस्ट सरकारने मिशनऱ्यांना बाहेर काढलं, आणि चर्चला पुन्हा मान्यता मिळाली ती थेट १९९० साली. मधल्या काळात ब्रनोचे ओताकार वोय्कूव्का योगाचे वर्ग घ्यायचे. धर्म शिकवायला बंदी, योगाला नाही. त्या वर्गांतून कितीतरी तरुण चर्चकडे आले. ही गोष्ट चेकमधून सांगायला शिका, पुढचे प्रश्न आपोआप येतील. झ्लीनला बदली झाली तर बाटाबद्दल विचारा. ती कंपनी १८९४ साली तिथेच सुरू झाली, आणि बाटा भारतातलीच वाटते म्हणालात की म्हातारे तुम्हाला तासभर सोडत नाहीत. प्रागच्या देय्वित्से भागात रवींद्रनाथ ठाकुरांच्या नावाचा रस्ताही आहे.

बाकी दिनक्रम तुम्हाला माहीत आहे: साडेसहाला उठायचं, साडेदहाला दिवे बंद, मधे अभ्यास, रस्ता, ट्राम, जिने. लोक दार लावतील. २०२१च्या जनगणनेत जवळपास निम्म्या लोकांनी आपला कुठलाच धर्म नाही असं नोंदवलंय, आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोकांनी त्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. तेव्हा नकार मनाला लावून घेऊ नका, तो तुमच्या व्याकरणाला नसतो. घरात घेतलं तर मात्र मनापासून घेतात. दारातच बूट काढायचे, घालायला सपाता देतात. चहा-कॉफी आपल्या चर्चमध्ये चालत नाही हे सांगायची सवय करा. चहापत्ती नसलेला फळांचा चहा विचारा, तो बहुतेक घरांत असतो. मांस खात नसाल तर 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज, हॉटेलात हमखास मिळतं. दोन महिन्यांनी त्याचा वास नको होतो.

मिशनरी घेतात त्या मोफत इंग्रजीच्या वर्गाला कंटाळू नका, पण वर्ग संपला की खुर्च्या आवरताना चेकमध्ये बोला. ज्यांनी तासभर तुमच्यासमोर इंग्रजीत चुका केल्या, ते तुमच्या चुकांना हसत नाहीत. मी सगळ्यात जास्त तिथेच शिकलो, ट्रेनिंग सेंटरमध्ये नाही.

हिवाळ्यात साडेचारच्या सुमाराला अंधार पडतो आणि मन खचतं. चौथा-पाचवा महिना फार वाईट: कौतुक थांबलेलं असतं, कान अजून उघडलेला नसतो. परत जावंसं वाटेल. तसं वाटणाऱ्यांपैकी बरेच जण नंतर उत्तम चेक बोलतात. फारच जड झालं तर मिशन प्रेसिडेंटशी बोला, त्यात कमीपणा नाही. देशाच्या पूर्वेकडच्या मोरावियात बदली झाली की बोली पुन्हा बदलते, ब्रनोत ट्रामला 'शालिना' म्हणतात. तेव्हा नव्याने हबकू नका.

सोमवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. २०१९पर्यंत वर्षातून दोनदाच परवानगी होती, आता दर आठवड्याला. आईशी तासभर मराठी बोलून झालं की संध्याकाळी लगेच बाहेर पडावं लागतं आणि जिभेवर चेक येता येत नाही. म्हणून सोमवारची संध्याकाळ ओळखीच्या घरासाठी ठेवा. नव्या इमारतीचे इंटरकॉम मंगळवारी.