उथळ समुद्रातल्या लहान पाणबुडीची बुडणारी प्रतिकृती कशी करावी

आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळांतील विज्ञान प्रदर्शनात पाणबुडी येते ती बहुधा थर्माकोलची, सुबक रंगवलेली आणि टेबलावर ठेवलेली. पाणबुडीचे सारे शास्त्र तिच्या बुडण्यात आणि हव्या त्या खोलीवर थांबण्यात असल्यामुळे मुलांनी प्रतिकृती पाण्यात उतरवावी, असे मला मनापासून वाटते.

नमुना म्हणून जर्मनीची 206 वर्गाची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी घ्यावी. सरासरी 55 मीटरच्या आसपास खोली असलेल्या बाल्टिक समुद्रासाठी अशा 18 बोटी बांधल्या गेल्या आणि 1973 ते 1975 या काळात त्या नौदलात दाखल झाल्या. लांबी सुमारे 48 मीटर, पाण्याखालील वजन सुमारे 500 टन. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आपली कलवरी वर्गाची पाणबुडी याच्या तिपटीहून जड आहे. उथळ पाण्यात चुंबकीय सुरुंगांचा धोका मोठा असतो, म्हणून या बोटींचे कवच चुंबकत्व न घेणाऱ्या पोलादाचे केले होते.

साहित्य घरचेच आहे: झाकण घट्ट बसणारी अर्ध्या लिटरची जाड प्लास्टिकची बाटली, 60 मिलीची औषधाची रिकामी प्लास्टिक बाटली, सलाईनची नळी, 60 मिलीची सिरिंज, एम-सील, रबरबँड आणि पाऊण किलो लोखंडी नट-बोल्ट व वायसर. मोठी बाटली म्हणजे हवाबंद कवच. औषधाची बाटली म्हणजे पाणी घेणारी टाकी. ती मोठ्या बाटलीच्या पाठीवर मधोमध आडवी बांधावी, तिच्या खालच्या बाजूला दोन भोके पाडावीत आणि वरच्या बाजूने नळी आत घालून सांधा एम-सीलने बंद करावा. एम-सील रात्रभर वाळू द्यावे. घाई केल्यास तिथूनच बुडबुडे निघतात.

सर्वांत जास्त वेळ वजनासाठी राखून ठेवावा. नट-बोल्ट बाटलीच्या पोटाखाली रबरबँडने बांधावेत, कारण भार खाली आणि हवा वर असली तरच बोट सरळ राहते. आमच्या पहिल्या प्रयत्नात सारे बोल्ट झाकणाकडे सरकले होते. बोट हौदात उतरताच झाकण खाली आणि बूड वर करून उभी राहिली, आणि कितीही हवा भरली तरी आडवी होईना. म्हणून भार दोन्ही टोकांना सारखा वाटावा. टाकी पाण्याने पूर्ण भरलेली असताना बोट अगदी सावकाश तळाकडे जाईल, इतपतच वजन ठेवावे. शेवटची जुळवणी एकेक वायसर लावून किंवा काढून करावी. सिरिंजने हवा ओढली की भोकांतून पाणी आत येते आणि बोट बुडते. हवा ढकलली की पाणी बाहेर जाते आणि ती वर येते.

प्रतिकृतीजवळ घरातल्या इन्व्हर्टरचे उदाहरण जरूर द्यावे. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून पाणबुडी पृष्ठभागावर येऊन किंवा हवेची नळी पाण्याबाहेर काढून बॅटऱ्या चार्ज करते. मग इंजिन बंद करून त्याच बॅटऱ्यांवर, मोटरच्या जोरावर, ती जवळजवळ निःशब्द चालते. चार्जिंगच्या वेळी शिशाच्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिथे वायुवीजन सांभाळावेच लागते.

आता मिठाचा प्रयोग. गोड्या पाण्यात जुळवलेली बोट 20 लिटर पाण्यात सुमारे 700 ग्रॅम मीठ विरघळवून केलेल्या पाण्यात सोडावी. टाकी भरलेली असूनही ती तरंगेल, कारण खारे पाणी सुमारे अडीच टक्के जड आहे. ती पुन्हा बुडवायला सुमारे 15 ग्रॅम वाढवावे लागतात. आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तशा नदीमुखांजवळ पाण्याची घनता बदलत जाते. 500 टनांच्या बोटीसाठी गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला हा फरक 12 टनांहून अधिक भरतो, आणि किनाऱ्यालगत तळ जवळ असताना तो वेळेत सावरावा लागतो. किती वायसर वाढवले ते मुलांनी वहीत लिहून ठेवावे, म्हणजे परीक्षकांसमोर हाच हिशेब त्यांना स्वतःच्या आकड्यांवरून मांडता येईल.