जुळ्यांची तारीख धरताना या चुका टाळा

“सिस्टर, तारीख १७ मार्चची दिलीय, आत्ताच कशाला बॅग भरायची?” सोलापुरात प्रसूतिगृहात काम करताना जुळी असलेल्या सुनेच्या सासूबाईंकडून हे मी कितीदा तरी ऐकलंय. तारीख बरोबरच असते. ती कशासाठी दिलीय, हे कुणी सांगितलेलं नसतं.

फाइलवरची तारीख म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस. पोटात एक बाळ असो की तीन, हिशोब हाच. पाळी १० जूनची, तर नऊ महिने सात दिवस मिळवून १७ मार्च. या तारखेवरून आठवडे मोजायचे, एवढंच. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधी येतात, म्हणजे या हिशोबात २४ फेब्रुवारीच्या आत. म्हणून अशा बाईची बॅग गड्ड्याची जत्रा भरते तेव्हाच, संक्रांतीला तयार हवी. तेव्हा ३१ आठवडे झालेले असतात. तिळी असली तर आणखी आधी.

सगळ्यात महागात पडते ती वार, म्हणजे बाळाला नाळेतून रक्त पुरवणारी प्लासेंटा, न विचारण्याची चूक. मुलगा की मुलगी हे विचारायला कायद्याने बंदी आहे, त्या धाकाने घरचे सोनोग्राफीत काहीच विचारत नाहीत. पण दोघांची वार एकच आहे की वेगळी, बाळांभोवतीच्या पाण्याच्या पिशव्या किती, हे विचारायला कसलीही बंदी नाही. ११ ते १४ आठवड्यांत हे सगळ्यात स्पष्ट दिसतं, पुढे ओळखणं अवघड होतं. बाळंतपण कधी करायचं ते यावरच ठरतं. वार वेगवेगळी आणि बाकी सगळं ठीक असेल तर साधारण ३७-३८ आठवडे. वार एक, पिशव्या दोन असतील तर बहुधा ३६ च्या सुमारास. वारही एक आणि पिशवीही एक असेल तर ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन, कारण दोघांच्या नाळा एकमेकींत गुंततात. एकाच वारेत एका बाळाकडे रक्त जास्त आणि दुसऱ्याकडे कमी जाण्याचाही धोका असतो. त्यासाठी सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागते. “परवाच तर केली” म्हणून ती चुकवू नका. अमावास्या टळावी म्हणून डॉक्टरांनी दिलेला दिवस पुढे ढकलायला सांगू नका.

रिपोर्टवर दोन बाळांच्या दोन तारखा दिसल्या की लोक गोंधळतात. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत जे बाळ मोठं, त्याच्या मापावरून तारीख पक्की करतात, आणि ती नंतर बदलत नाही. आठव्या महिन्यात छापून येणारी तारीख बाळाच्या त्या दिवसाच्या मापावरून निघते, तिच्यावर जाऊ नका. पोट मोठं दिसतं म्हणून “दिवस चुकले असतील” हेही नको. टेस्ट ट्यूबचं असेल तर पाळी आठवत बसू नका. पाच दिवसांचा गर्भ ज्या दिवशी सोडला, तिथून २६१ दिवस मोजायचे.

“सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही” हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा फुप्फुसांच्या कामी येतो, आठव्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सशक्तच असतं. या समजापायी एका घरात तेहतिसाव्या आठवड्यातल्या कळा रात्रभर लपवल्या. बाळांची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून अशा वेळी आईला इंजेक्शन देतात, त्याचा पुरता गुण यायला एक दिवस तरी लागतो. ती रात्र हातची गेली.

सातव्यात डोहाळजेवण करून माहेरी पाठवायची आपली रीत. माहेर करमाळ्याकडे असेल तर सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब पडतं. तिथे काचेची पेटी आणि रात्री बाळांचे डॉक्टर आहेत का, हे आधी विचारा. नसतील तर डोहाळे माहेरी पुरवा आणि मुक्काम इकडेच ठेवा.

पोट थांबून थांबून कडक होणं, कंबर भरून येणं, पाणी किंवा रक्त जाणं, बाळांची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यापुढे अंधारी येणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, १०८ ला फोन करा. आणि कार्डाच्या पहिल्याच पानावर पेनने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: जुळी, वार एक की दोन, आज कितवा आठवडा. रात्रपाळीला आम्ही आधी तेच पान उघडतो.