जुनी रुग्णवाहिका की शववाहिका? आधी मागचं दार उघडा

जुन्या अमेरिकन कॅडिलॅकचं लांबलचक धूड समोर आलं की टपावरचा दिवा बघून ‘रुग्णवाहिका’ म्हणून मोकळं होऊ नका. दिवा काढता-घालता येतो. मागचं दार उघडून आत वाका. गाडीच्या तळाला शवपेटी सरकवायचे रूळ आणि ती हलू नये म्हणून लावायच्या खुंट्यांची भोकं असतील, तर शववाहिका. स्ट्रेचर अडकवायचा खटका आणि धुरकट काचा असतील, तर रुग्णवाहिका.

दोन्ही सापडलं? मग बहुधा ‘कॉम्बिनेशन’, म्हणजे दोन्ही कामांची गाडी. 1970च्या दशकापर्यंत अमेरिकेत, विशेषतः लहान गावांत, अंत्यविधीचा व्यवसाय करणारेच रुग्णवाहिकाही चालवत. आडवा माणूस नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडेच असायची ना! रुळांच्या फळ्या उलट्या केल्या की गाडीचा तळ सपाट, परिचारकासाठी घडीची खुर्ची, की गाडी निघाली दवाखान्याकडे. आतल्या रुग्णाच्या मनात काय येत असेल, देव जाणे.

मागच्या बाजूला इंग्रजी ‘एस’सारखी क्रोमची पट्टी दिसली तर ती शववाहिकेची खूण. घोडागाडीच्या घडीच्या टपाची ही आठवण, आता नुसती शोभा. कॉम्बिनेशनमध्ये मात्र तीही काढता येई.

विकत घ्यायचा विचार असेल, तर बॉडी कोणाची हे सांगणारी पट्टी शोधाच. कॅडिलॅक कंपनी फक्त लांब चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, पुरवायची. वरचा साज मिलर-मीटिअर, सुपीरियर अशा कारखान्यांचा. मागची काच फुटली तर साध्या कॅडिलॅकची तिथे बसत नाही.